एक पोर्ट, दोन पडदे

मी चौथीपर्यंत शिकलो आणि ते मी कधी लपवलं नाही. वारज्यात आमची शेती होती. तिथं आता बिल्डिंगी उभ्या आहेत, त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. मधल्या काळात मी केबलवाला होतो. देशात नवेनवे चॅनेल सुटले तेव्हा आमच्या भागातली पहिली डिशची छत्री माझ्या गच्चीवर लागली. गच्चीवरून गच्चीवर, आंब्यावरून खांबावर वायर टाकत गेलो. कोणी शिकवलं नाही. वायर सोलली, आतली तार बघितली, बाकीचं हळूहळू कळत गेलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात मी चुकलो असं घरातले अजून म्हणतात. मी चुकलो नाही. मी केबलवाल्यासारखा वागलो.

गोष्ट सुनेच्या कामाची आहे. नातू लहान, म्हणून ती घरीच राहून काम करायची. विम्याच्या दाव्यांचं काम. दवाखान्यांची बिलं फोटो काढून कुठूनकुठून तिच्या कॉम्प्युटरवर यायची. ती वाचायची आणि त्यातले आकडे, नावं, औषधं दुसऱ्या एका तक्त्यात भरायची. पडदा एकच. म्हणजे बिल बघायचं, आकडा डोक्यात धरायचा, बिल झाकून तक्ता उघडायचा, आकडा भरायचा, पुन्हा बिल उघडायचं. तेवढ्यात नातू रडला की आकडा गेला. चुका व्हायच्या, चुकलेलं काम परत यायचं. शेवटी काम देणाऱ्या एजन्सीच्या मॅडमचा फोन आला. इथून पुढं ज्यांच्याकडं दोन स्क्रीन असतील त्यांनाच काम. एकावर बिल, दुसऱ्यावर तक्ता. सोमवारी त्या स्वतः बघायला येणार. नसेल तर बंद.

आमचा मुलगा आयटी कंपन्यांच्या माणसांची ने-आण करणारी गाडी चालवतो. त्यामुळं कॉम्प्युटरमधलं आपल्याला कळतं असं त्याला वाटतं. त्यानं टेबलामागं वाकून बघितलं.

"आबा, याला स्क्रीनचा पोर्ट एकच आहे. दोन लागणारच नाहीत. नवीन घ्यावा लागेल. घेऊ हप्त्यावर."

"हप्त्यावर मी चप्पलसुद्धा घेतली नाही कधी."

"मग सोडून दे म्हणावं काम. माझ्या पगारात भागतंय की."

आमची मंडळी लसूण सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "भागतंय तर. भाजी मी आणते, म्हणून भागतंय."

सून भाकरी थापत होती. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. पण त्या कामाचा पैसा तिच्या स्वतःच्या खात्यात यायचा, आणि महिन्यातून एकदा बँकेत जाताना ती जरा बरी साडी नेसायची, हे मी बघितलेलं होतं. मुलानं बघितलं नव्हतं.

आणि सोडून दे हा शब्द मला चालत नाही. माझ्या केबलच्या धंद्यात मोठी कंपनी उतरली तेव्हा तिच्या माणसांनी खांबावरच्या माझ्या वायरी कापून खाली टाकल्या. मी त्या वेटोळी करून घरी आणल्या. तेव्हाही सगळे हेच म्हणाले, सोडून द्या आबा, वय झालं. माझं गेलं ते गेलं. हिचं जाऊ देणार नव्हतो.

"पोरी," मी म्हटलं, "सोमवारी दोन स्क्रीन चालू असतील."

मुलगा हसला. हसू दे.

हायवेच्या कडेला एक भंगारवाला बसायचा. आयटीवाल्यांनी त्या दिवसांत जाडे मॉनिटर टाकून पातळ घ्यायचा सपाटा लावला होता, आणि ते जाडे सगळे याच्याकडं. पोत्यावर पोती असावीत तसे रचलेले. त्यातला एक मी लावून बघितला, चित्र स्वच्छ होतं, उचलून आणला. सुनेचा कॉम्प्युटर शिलाई मशीनच्या टेबलावर होता. त्याच्या शेजारी स्टूल ठेवून त्यावर हा डबा बसवला. टेबलावरचा आमचा पातळ स्क्रीन त्याच्यापुढं उपाशी दिसायला लागला.

राहिली ती जोडणी. पोर्ट एक, स्क्रीन दोन. आता तुम्हीच सांगा, केबलवाल्याला यात काय अवघड? एका वायरीवरून मी अख्खी गल्ली चालवली होती. स्क्रीनच्या दोन वायरी आणल्या, एकीच्या मधोमध साल काढलं, आत बारीक रंगीत तारा निघाल्या. दुसरीची एक बाजू कापली आणि लालला लाल, हिरव्याला हिरवी, निळ्याला निळी अशी जोडत गेलो. सोल्डरनं डाग दिले, टेप गुंडाळली. हात अजून थरथरत नव्हता. बटण दाबलं आणि दोन्ही स्क्रीन उजळले.

मी सगळ्यांना हाक मारली. मुलगा आला, मंडळी आली, नातवाला कडेवर घेऊन सून आली. चित्र थोडं फिकट होतं, पण दोन्हीकडं होतं. केबलमध्ये फिकट आलं की आम्ही मधे बूस्टर टाकायचो, तेवढंच बाकी आहे असं मी मुलाला सांगितलं. तो तोंड उघडं टाकून बघत होता.

सुनेनं बसून माऊस हलवला. बाण डाव्या स्क्रीनवर सरकला. उजव्यावरही तसाच सरकला. तिनं बिल उघडलं. दोन्हीकडं बिल. तक्ता उघडला. दोन्हीकडं तक्ता.

"आबा," ती हळूच म्हणाली, "दोन्हीकडं एकच येतंय."

"मग? दोन पाहिजे होते, दोन आहेत."

"तसं नाही आबा. इकडं बिल पाहिजे आणि तिकडं तक्ता."

मंडळी म्हणाली, "अवो, तुम्ही एकच शिनिमा दोन थेटरात लावलाय."

मुलगा तर भिंतीला धरून हसला. मी त्याला म्हटलं, "गल्लीतल्या शंभर घरांत एकच चित्र नीट पोचावं म्हणून मी हयात घालवली. त्यावर तू जेवलास. तेव्हा नाही हसलास." त्यानं भिंत सोडली. पण स्क्रीनवर काही फरक पडला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ती जोडलेली वायर पिशवीत घालून शनिवार पेठेत गेलो. तिथं एका बोळात जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान आहे. मालक माझ्याच वयाचे, डोळ्यांवर जाड चष्मा, पुढ्यात वर्तमानपत्र. ते घडी घालेपर्यंत बोलायचं नाही, असा तिथला शिरस्ता असावा. मी बोललो. एका पोर्टावर दोन वेगवेगळी चित्रं पाहिजेत म्हणालो आणि वायर काढून दाखवली. त्यांनी ती उलटसुलट बघितली.

"जोडणी सुबक आहे," ते म्हणाले. "उपयोग शून्य. आपण केबलवाले का?"

"कशावरून?"

"एका वायरीत सगळा गाव बसवायला निघालात, त्यावरून." मग त्यांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "अहो, पोर्टातून एकच चित्र बाहेर पडतं. त्याला दहा स्क्रीन जोडा, दहाही ठिकाणी तेच दिसेल. दोन चित्रं हवीत तर आधी कॉम्प्युटरनं दोन काढायला हवीत."

"मग काढायला लावा त्याला."

"त्याला कार्ड लागतं." त्यांनी खणातून एक हिरवी पट्टी काढली. वर छोटा पंखा आणि कडेला स्क्रीन लावायच्या दोन जागा, एक निळी, एक पांढरी. कुठल्याशा कंपनीच्या जुन्या मशिनीतून काढलेलं होतं. "आपल्या कॉम्प्युटरात मोकळी खाच असेल तर बसेल."

"आहे. उघडून बघितलाय मी. गॅरंटी?"

"दुकानाची पायरी उतरेपर्यंत."

"मग पायरीच्या आत लावून दाखवा."

"कॉम्प्युटर कुठंय?"

"आणतो."

"सातला बंद होतं."

"सातच्या आत आणतो."

घरी आलो, कॉम्प्युटरचा डबा मंडळीच्या जुन्या साडीत बांधला आणि सुनेला म्हटलं, चल. ती म्हणाली, मी कशाला? मी म्हटलं, त्यावर बसणार कोण? ती स्कूटरवर मागं बसली, डबा मांडीवर. कर्वे रस्त्यावर प्रत्येक सिग्नलला लोक बघायचे. सासरा, सून आणि मधे साडीतलं गाठोडं. एक रिक्षावाला म्हणाला, "काका, पळवून कुठं चालला?" मी म्हटलं, "कामाला." सून मागं हसली. लग्न होऊन आल्यापासून मी तिला एवढं मोकळं हसताना ऐकलं नव्हतं.

दुकानात मालकांनी कार्ड खाचेत बसवलं, दुकानातलेच दोन स्क्रीन जोडले. पांढऱ्या जागेत आपली वायर बसत नाही, त्यासाठी अंगठ्याएवढा एक तुकडा मधे लागतो, तो त्यांनी बसवला. मग ते मला सोडून सुनेशी बोलायला लागले. कुठं क्लिक करायचं, कोणती खूण, दोन्हीकडं तेच दाखवायचं नसेल तर काय निवडायचं. तिनं एकदा ऐकलं आणि दुसऱ्यांदा स्वतः करून दाखवलं. बाण एका स्क्रीनच्या कडेला गेला, नाहीसा झाला आणि पलीकडच्या स्क्रीनमधून बाहेर आला. मी तो चारदा तसा आणवून बघितला. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

भाव मी पाडला. मालक म्हणाले, "आपल्यासारखी दोन गिऱ्हाइकं रोज आली तर मला दुकान विकावं लागेल." मी म्हटलं, "विकाल तेव्हा कळवा." त्यांनी अंगठ्याएवढा तुकडा फुकट दिला.

घरी सगळं पुन्हा जोडलं. लागलं, पण उलटं लागलं. बाण उजवीकडं न्यायला जावं तर तो डावीकडच्या जाड्या डब्यात निघायचा. सून म्हणाली, "थांबा आबा, सेटिंगमध्ये बदलता येतं, त्यांनी सांगितलंय." ती सेटिंग शोधेपर्यंत मी स्टुलासकट डबा उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवला. झालं सरळ. कंबर मात्र दोन दिवस धरली. ते मी कोणाला सांगितलं नाही.

सोमवारी मॅडम आल्या. चपला बाहेर काढून आत आल्या, पाणी प्यायल्या आणि टेबलापुढं उभ्या राहिल्या. एक स्क्रीन पातळ, दुसरा जाडा. एक टेबलावर, दुसरा स्टुलावर. मागं वायरींचा गुंता.

"हे असं नाही चालत," त्या म्हणाल्या. "दोन्ही सारखे हवेत, फ्लॅट. प्रोफेशनल सेटअप हवा. वर रिपोर्ट जातो माझा."

मी पुढं झालो. "बाई, तुम्हाला काम बघायचंय का फर्निचर?"

"आजोबा, मी यांच्याशी बोलतेय."

"घर माझं आहे."

"आबा," सून म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसा."

मला त्या घरात असं कोणी म्हणालं नव्हतं. मंडळीनं स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. मुलगा जागच्या जागी.

सून मॅडमना म्हणाली, "मॅडम, आजची बिलं आहेत ना तुमच्याकडं? पाठवा. तुम्ही इथंच बसा, मी करून दाखवते. एक जरी चूक निघाली तरी काम दुसरीला द्या. नाही निघाली तर स्क्रीन जाडा का पातळ हे रिपोर्टात लिहू नका."

मॅडमनी तिच्याकडं बघितलं, मग ऑफिसला फोन लावला आणि खुर्ची ओढली. बिलं आली. सुनेनं जाड्या स्क्रीनवर बिल मोठं केलं, पातळावर तक्ता उघडला आणि हात चालायला लागले. एक डोळा इकडं, एक तिकडं. नातू रडला, मंडळीनं उचलला, हिनं वळूनही बघितलं नाही. मॅडम मागून एकेक आकडा पडताळत होत्या. सुरुवातीला ओठ हलत होते, मग थांबले. चहा आला तो त्यांनी गार होऊ दिला.

शेवटी त्या उठल्या. "ठीक आहे. आजपासून नेहमीइतकं पाठवते. पण तो डबा कधीतरी बदला."

"बिघडला की बदलू," मी म्हटलं. तेवढं बोलायचा हक्क माझा होता.

त्या गेल्या. मुलगा काहीतरी म्हणणार होता, बहुतेक शाबास; आईनं त्याला भाजीची पिशवी दिली आणि बाहेर काढला. सून उठली नव्हती. मॅडमनी जाता जाता आणखी बिलं पाठवायला लावली होती, ती तिनं उघडली. मी तिच्या शेजारी उभा राहून बघत होतो, बाण कसा इकडून तिकडं जातो ते.

"आबा," ती स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली, "खिडकीसमोरून सरका ना. तुमचं प्रतिबिंब पडतंय काचेवर."

मला कोणी सरक म्हणालं की मी आयुष्यभर जागेवर घट्ट उभा राहिलेला माणूस आहे. वायरी कापायला आलेल्यांसमोरही उभा राहिलो. पण हिला बिल दिसत नव्हतं. सरकलो.