भिंतीवर न लागलेला नकाशा

नागपूरची संस्कृती नकाशात मांडा म्हटलं की माझे विद्यार्थी दरवर्षी तेच करतात: संत्री, सावजी, तर्री-पोहे आणि देवळं. मी वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला शिकवते, आणि हल्ली संत्र्याचं चित्र दिसलं की माझं डोकंच फिरतं. यंदा मात्र एका मुलीचा नकाशा उघडला आणि मी खुर्ची ओढून बसले.

मुलगी सावनेरकडच्या खेड्यातली, बौद्ध घरातली. खोली शोधत ती नागपुरात वाडीपासून जरीपटक्यापर्यंत फिरली होती. कुठे 'पूर्ण नाव सांग' म्हणाले, कुठे 'तुम्ही कोण लोक?' असं थेट विचारलं, आणि त्यानंतर कुठली खोली अचानक 'कालच गेली', ते सगळं तिने ठिपक्यांनी दाखवलं होतं. लाल ठिपके पुष्कळ. पिवळा एकच, सध्याच्या खोलीचा. तिचं आडनाव दोन-तीन जातींत चालतं. घरमालकीणबाईंनी आपल्या मनाने एक जात धरली आणि हिने ती दुरुस्त केली नाही. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथे विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.'

बाहेरगावहून आलेले परीक्षक भलतेच खूश झाले. "हा दारासमोरच लावा," म्हणाले. दुपारी प्रदर्शन सगळ्यांना खुलं होणार होतं.

मुलगी मला कोपऱ्यात घेऊन गेली. "मॅडम, मार्क कापा लागले त, पण भिंतीवर नका लावू. घरमालकीण काकू दुपारी येऊन राहिल्या, खास माह्यं काम पाहाले."

"मग तो पिवळा ठिपका खोड."

"बाकीचे त दिसतीलच न, मॅडम. हा नकाशा मी काहून काढला, एवढं काकूले समजनार नाही का?"

खरंच होतं तिचं. मला संताप आला आणि तो कोणावर काढावा कळेना. आमच्याकडे नियम असा की भिंतीवर न लागलेल्या कामाला मांडणीचे गुण नाहीत. मी परीक्षकांना विनवलं, तुम्ही पाहिलंत तेवढं पुरे समजा. ते म्हणाले, "कामात धाडस आहे, मुलीत नाही."

"सर, तुम्ही संध्याकाळच्या गाडीने निघून जाल. तिला आज त्याच खोलीवर जायचंय." माझा आवाज चढला होता. त्यांनी गुण कापलेच. मी नकाशा टेबलावरून उचलला, गुंडाळला आणि काखेत मारला. मुलांना मीच शिकवते, पाहिलेलं काही गाळू नका म्हणून. फार वाईट वाटलं.

काकू आल्या त्या गोळाभाताचा डबा घेऊन. एकेक भिंत त्यांनी न्याहाळली. "हिचं कुठं आहे?"

"पुरं व्हायचंय अजून," मी म्हटलं.

"काय वं, लाईट जाळत बसून राहते अन् पुरं नाही?" त्यांनी लाडाने तिच्या पाठीत धपका घातला आणि डबा तिच्या हातात दिला. ती हसली. मला ते बघवेना.

निघताना काकूंनी माझा हात हातात घेतला. "मॅडम, सांभाळून घ्या पोरीले. लय गुणाची आहे. आमच्यातलीच आहे."

ती बाजूलाच उभी होती, डबा दोन्ही हातांनी धरून. मी 'हो' म्हटलं.