निघतानाचं इंग्रजी

माणिकपूरला एका औषधांच्या दुकानावरच्या खोलीत मी बायका-मुलींना बोलायचं इंग्रजी शिकवते. परवा मनवेलपाड्याहून येणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "द पंप हॅज ब्रोकन डाऊन अगेन." पंप पुन्हा बंद पडला. बिल्डिंगमध्ये वाढलेली पोर ती, विहिरीवरचा पंप तिने जन्मात पाहिला नसेल. वाक्य मीच दिलेलं, तरी माझ्या अंगावर काटा आला. तिने ते "अगेन" असं वैतागून ओढलं की थेट दादाच बोलल्यासारखं वाटलं. दादा गेला तेव्हा ती जन्मलीही नव्हती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मालाडला कॉल सेंटरमध्ये कामाला होता. परदेशातली माणसं फोनवर तक्रारी करायची आणि हा त्यांची समजूत काढायचा. शाळेत घोकलेलं इंग्रजी तिथे कवडीच्या कामाचं नाही, हे त्याला लगेच कळलं. ती माणसं म्हणे साधी छोटी क्रियापदं घेतात, त्यांना ऑन, ऑफ, अप, डाऊन अशी शेपटं लावतात आणि अख्खा दिवस त्यावर काढतात. ही शेपटं पाठ करून राहत नाहीत, वापरून राहतात, असं दादाचं मत. झालं, नंदाखाल गावातल्या आमच्या वाडीत त्याने कायदाच करून टाकला. रोज एक नवा शब्दप्रयोग, आणि तो कामात वापरल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. बावखल म्हणजे आमच्या वाडीतली मोठी उघडी विहीर. तिच्यावरचा पंप बंद करायचा तर "टर्न ऑफ." गूळ संपला तर "वी हॅव रन आऊट ऑफ गूळ." आमची घरातली बोली आधीच बाहेरच्यांना धड कळत नाही. त्यात हे मिसळलं की आलेला पाहुणा कपाळाला हात लावायचा.

आई चौथी शिकलेली. तिने सगळ्यातून एकच उचललं, "हँग ऑन." थांब जरा. नारळ उतरवणारा असो, मासळीवाली असो, आरतीची घाई करणारे बाबा असोत, सगळ्यांना तिचं "हँग ऑन," तेही दादासारखंच "हँ" लांबवून. दादा म्हणायचा, "आईला आमच्याकडे कामाला लावा, गिऱ्हाईक फोनच ठेवणार नाही." आई लाजायची आणि मुद्दाम पुन्हा म्हणायची.

त्या दुपारी ती केळींना पाणी लावत होती. मी ओटीवर गजरे करत बसले होते. दादा शर्ट खोचत फाटकाशी गेला आणि तिथून म्हणाला, "आय अ‍ॅम ऑफ." निघालो. हे त्याचं नवीन होतं, त्या आठवड्यातलं. आमच्याकडे घरातून निघताना जातो म्हणत नाहीत. येतो म्हणायचं, मग घरातल्याने "ये" म्हणायचं, आणि मगच पाऊल बाहेर टाकायचं. आईने पाण्यातूनच हाक दिली, "अरे, येतो म्हण." तो हसला, पाठमोराच हात वर केला, आणि फाटक उघडं टाकून नाक्याकडे गेला. तिथून त्याला न्यायला येणारी कामाची गाडी हायवेवर उलटली. बाकीचे वाचले.

आईने ड्रायव्हरला बोल लावला नाही की रस्त्याला. ती एवढंच म्हणाली, "ज्या भाषेत निघताना येतो म्हणत नाहीत, त्या भाषेत गेलेला माणूस परत कसा येणार?" मी तिच्याशी खूप भांडले. म्हटलं, अगं, त्यांच्याकडची माणसं रोज सकाळी तसं म्हणून निघतात आणि संध्याकाळी घरी येतात. ती म्हणाली, "ती त्यांच्या घरी येतात."

तेव्हापासून तिने फाटकाला कडी लावू दिली नाही. गावातल्या बकऱ्या आत येऊन मोगरा खाऊन गेल्या, अळू खाऊन गेल्या, तरी नाही. बाबा गेल्यावर मी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन तिच्याकडे राहायला आले, आणि हे भांडण मग रोजचंच झालं. मी तणतणत कडी लावायची, तिने मुकाट्याने काढायची. मला भयंकर राग यायचा. दुपारी वाऱ्याने ते फाटक कुरकुरलं की तिची मान वळायची, आणि मला सगळ्यात जास्त चीड कसली येत असेल तर याची, की माझीही वळायची.

दादाची वाक्यं मात्र मला टाकता आली नाहीत. क्लासमध्ये मी तीच देते, पंपाचं, गुळाचं. कुठल्या कुठल्या बायका ती घरी घेऊन जातात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच सुरात परत आणतात. मला भीती वाटते, आणि तरी मी कान लावून बसते. कधी कधी वाटतं, क्लास मी शिकवायला चालवतच नाही, त्याला ऐकायला चालवते. फक्त निरोपाचा धडा आला की "आय अ‍ॅम ऑफ" मी फळ्यावर लिहिते, वाचायला दुसऱ्या कुणाला तरी सांगते आणि खिडकीतून खालचा रिक्षा स्टँड बघत राहते.

माझी मुलगी नर्स आहे. यंदा तिला आयर्लंडमध्ये नोकरी लागली. सगळे खूश, आई सोडून. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरीला अडवणार नाही मी. पण निघताना तिने येते म्हटलं पाहिजे. नाही म्हणाली आणि गेली, तर पुन्हा तसं जगायला मला सांगू नकोस." तिचा आवाज अगदी साधा होता. मी घाबरले, कारण मुलीची जीभ मला माहीत होती. ड्युटीला निघताना ती फाटकाशी जाऊन बिनदिक्कत "आय अ‍ॅम ऑफ" म्हणते, पाठमोरी, हात वर करून. तिला हे घरात कुणी शिकवलेलं नाही. मामाला तर तिने फक्त फोटोत पाहिलंय. किती वेळा रागावले असेन तिला. आजीची अट सांगितली तेव्हा लाडात येऊन म्हणाली, "शंभर वेळा म्हणते, मग तर झालं?"

निघायचा दिवस उजाडला. दुपारची वेळ. नवरा तिला विमानतळावर सोडणार होता, आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून मी घरीच थांबणार होते. हातावर दही झालं, पाया पडून झालं, आई ओटीवर उभी. एवढ्यात बॅगेचं चाक निखळलं, पासपोर्ट सापडेना, तो सापडला तर नवरा उशीर होतोय म्हणून चिडला. या सगळ्या धांदलीत पोरगी पळत गाडीकडे गेली. फाटकाशी हात वर केला आणि म्हणाली, "ओके, आय अ‍ॅम ऑफ."

गाडी सुरू झाली होती. मी ओटीवरून खाली धावले. आणि मागून आलं, "हँग ऑन."

दादा गेल्यापासून आईने हे शब्द एकदाही उच्चारले नव्हते. "हँ" तसाच लांबलेला. गाडी थांबली. पोरगी उतरली, आजीचं तोंड पाहिलं आणि तिला सगळं उमगलं. परत ओटीपाशी आली आणि रडत रडत म्हणाली, "येते, आजी."

"ये," आई म्हणाली. पण तिचा हात सोडला नाही. "हे तुझं झालं. आता तुझ्या मामाचं म्हण. त्याचं म्हणायचं राहिलंय."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली की नाही, मला आठवत नाही. मग तिने डोळे पुसले, आजीकडे सरळ बघितलं आणि म्हणाली, "येतो."

"ये," आई म्हणाली.

गाडी नाक्यावरून वळेपर्यंत ती ओटीवर उभी होती. मग खाली उतरली, फाटकापर्यंत गेली, ते ओढून घेतलं आणि कडी लावली. गंजलेली कडी बसेना, तर हाताने ठोकून बसवली. मला म्हणाली, "चहा टाक." चहा पिऊन ती आडवी झाली आणि तिला गाढ झोप लागली.

इतकी वर्षं मी ज्या कडीसाठी भांडले ती अखेर लागली होती. मी ओटीवर बसून त्या कडीकडे बघत राहिले. काळोख पडायच्या आत उठले, फाटकाशी गेले आणि ती काढून ठेवली.