चार घरांची मांडणी

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर टॅरोचे अठ्ठ्याहत्तर पत्ते होते आणि समोर आम्ही दोघंच, मी आणि माझी मुलगी. बुद्धाच्या चार आर्यसत्यांवरून तिने चार घरांची नवी मांडणी केली होती.

"भविष्याचं घर कुठाय?" मी मोजून विचारलं.

"नाहीच, पप्पा. दुःख, त्याचं कारण, त्याचा अंत आणि मार्ग. सांगा, दुःख काय?"

पत्रिकेत बारा घरं असतात, पण तिथे सगळे पुढचंच विचारतात. दुःख आधी कोण विचारतं?

"तू नोकरीला बंगळुरूला चाललीस."

"आणि कारण?"

"तृष्णा. तू इथेच राहावीस, ही."

"बुद्धवंदनेत लक्ष असतं की तुमचं!" ती हसली, पण अंताच्या घरातला पत्ता काही तिने उलटला नाही.

मी उठलो, माळ्यावरून मोठी बॅग काढली आणि तिच्यासाठी पुसून ठेवली.