मागच्या सीटवरून येणारा आवाज

माझी मेहुणी ऑस्ट्रेलियात असते. तिच्या नवऱ्याला, म्हणजे माझ्या साडूला, रजा मिळायची ती नेमकी जुलैत, आमच्याकडे धानाची रोवणी चालू असताना. चामोर्शीच्या घरी दोन-चार दिवस राहून ते परत जायचे, आणि दर खेपेला माझी बायको बहिणीला म्हणायची, "एकदा हिवाळ्यात ये ना वं. भामरागड दाखवतो तुले. पावसात तं रस्ताच राह्यत नाई, नदी पुलावरून वाह्यते." माझी मास्तरकीची पहिली नोकरी भामरागडची. लग्नानंतरची सुरुवातीची वर्षं आम्ही तिथं काढली होती. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्यामुळे की काय, ती ज्या मायेनं त्या गावाबद्दल बोलायची, त्या मायेनं लोकं लेकराबद्दल बोलतात.

यंदा ते डिसेंबरात आले. बायको मागच्या पावसाळ्यात वारली होती. तेव्हा मेहुणीला येता आलं नव्हतं. कुणीतरी मोबाइल धरून तिला सगळं दाखवत होता आणि मध्येच रेंज गेली, एवढंच मला आठवतं.

नागपूरहून त्यांनी मोठी गाडी केली होती. मला चंद्रपूरलाच बोलावून घेतलं. पहिल्या दिवशी ताडोबा. भाची बारा-तेरा वर्षांची. तिला वाघ पाहायचा होता. गवे दिसले, रानकुत्री दिसली, वाघ काही दिसला नाही. पोरगी जिप्सीतच आईच्या खांद्यावर झोपून गेली. साडू मला म्हणाले, "तुम्हाला तर काय, रोजचंच असेल हे." मी हो म्हटलं. खरं तर इतक्या वर्षांत मी ताडोब्याला कधी गेलोच नव्हतो. बायको होती तेव्हा राहून गेलं; आता कुणासोबत जाणार, आणि एकट्यानं जाऊन करायचं काय?

दुसऱ्या दिवशी भामरागडला निघालो. मला रस्ता माहीत, म्हणून मला ड्रायव्हरच्या बाजूला बसवलं. मेहुणी, साडू आणि भाची मागे. आणि मूल गाव ओलांडलं तसं मला ते पहिल्यांदा जाणवलं.

मेहुणी ऑस्ट्रेलियात जाण्याआधी पुष्कळ वर्षं पुण्यात होती. तिची बोली धुऊन वाळवल्यासारखी झालेली. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापून रचलेल्या धानाचे पुंजणे दिसायला लागले, बांधावर लाखोळीचं आणि पोपटवालाचं पीक हिरवं दिसायला लागलं, तशी तिची जीभ सैल पडत गेली. "काऊन भाऊजी, इथी पोपटाच्या शेंगा भेटतीन का?" तिनं मागून विचारलं. तो आवाज माझ्या बायकोचा होता. शब्द ओढायची पद्धत तीच, वाक्याच्या शेवटी श्वास सोडायची सवय तीच. समोरासमोर बोलताना हे कधी लक्षात आलं नव्हतं, कारण समोर चेहरा दुसरा असायचा.

मी मागे वळून पाहिलं नाही. "भेटतीन," म्हणालो, आणि समोर बघत बसलो.

आष्टी गेली, आलापल्ली गेली. पुढं सागाचं जंगल दाट झालं, मोबाइलची रेंज गेली, भाचीनं कानातले इअरफोन काढून ठेवले. मागे मेहुणी तिला लहानपणच्या गोष्टी सांगत होती, मध्येच स्वतःच हसत होती. मी काच थोडी वर केली, वाऱ्यात शब्द जाऊ नयेत म्हणून. कितीतरी महिन्यांनी माझ्या मागे घर असल्यासारखं वाटत होतं. ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. पण मी कुणाला काही मागत नव्हतो, नुसता ऐकत होतो.

भामरागडला पोचलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. आम्ही राहायचो त्या खोलीच्या जागी आता दुकान झालंय. मी ते कुणाला सांगितलं नाही. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती जिथं मिळतात तिथं खाली उतरलो. पाणी नितळ, खालचे गोटे दिसत होते. पल्याड छत्तीसगडचं जंगल. एक माणूस डोंगा वल्हवत शांतपणे चालला होता. मेहुणी चपला काढून पाण्यात उतरली. मी खडकावर बसून थर्मासमधला चहा कपात ओतत होतो.

"अगं बाई, मासोळ्या पायाले टोचून राह्यल्या!" असं ओरडून ती खळखळून हसली.

माझी नजर कपाकडे होती. तोंडातून आपसूक निघालं, "अवं, निघ पाण्यातून. मंग रातभर खोकलत बसशील."

'अवं' मी आयुष्यात एकाच बाईला म्हटलं होतं.

हसू तुटलं. साडूंनी खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागले, रेंज नव्हती तरी. भाचीनं विचारलं, "काय झालं?" मेहुणी हळूच काठावर आली, ओढणीनं पाय पुसले आणि म्हणाली, "हो भाऊजी, निघते." हे ती पुण्याच्या मराठीत म्हणाली.

परतीच्या वाटेवर मागे सगळं चिडीचूप. भाचीला काही सांगायचं झालं तर मेहुणी तिच्या कानाशी कुजबुजायची. मला सांगावंसं वाटत होतं, बोला, माझी काही हरकत नाही. पण असं कसं सांगणार? जे मी चोरून ऐकत होतो ते आता सगळ्यांना कळलं होतं, आणि माझं तेवढंही गेलं.

आलापल्लीला चहाला थांबलो. साडू भाचीला घेऊन बिस्किटं आणायला गेले, तशी मेहुणी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"ताईसारखा आहे ना माझा आवाज?"

"आहे."

"आई पण फोनवर फसायची. भाऊजी, मले पण तोच ऐकू येते. घरी एकटी असली, काही पुटपुटली, तं ताई बोलल्यासारखं वाटते. म्हणून मी एकटी असताना बोलतच नाई. रेडिओ लावून ठेवते."

तिकडे, इतक्या दूर, एक बाई स्वतःच्याच आवाजाला भिऊन रेडिओ लावते, हे मला ठाऊक नव्हतं. तिला धीर द्यायला हवा होता. मी मोठा होतो. मी म्हणालो, "चहा निवून राह्यला." ती मान हलवून चहा प्यायली. मग साडू आले आणि आम्ही गाडीत बसलो.

रात्री चामोर्शीच्या घरी मुक्काम करून सकाळी ते निघाले. पाया पडून झाल्यावर मेहुणी म्हणाली, "तुम्ही या ना आमच्याकडे. सहा महिने राहा." साडूही मनापासून म्हणाले. मी म्हणालो, "पाहू." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी येणार नाही हे तिला कळलं, आणि तिनं आग्रह केला नाही, याचं मला बरं वाटलं आणि वाईटही. तिथं गेलो असतो तर ती दिवसभर जपून, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात बोलली असती.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. बाजूच्या घरची म्हातारी कुंपणाशी उभी होती.

"गेले का पाव्हणे?"

"गेले."

"करमन नाई आता तुले."

"धान भराचा आहे बाई," मी म्हणालो, "पोते आणाले जातो," आणि पिशवी घेऊन बाजाराच्या दिशेनं चालायला लागलो.