चोवीस पटीची दुर्बीण आणि पंचवीस पावलांवरचं गाडगं

रायफल खोक्यातून काढली तेव्हा तिला माशीच नव्हती. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो बारका उंचवटा, ज्याच्यावरून नेम धरतात. बायकोनं नळीवर हात फिरवला, मग खोक्यातलं थर्माकोल चाचपलं.

"अजी, एवढी महागाची वस्तू, अन् अर्धीच धाडली काय?"

भारी रायफलींना माशी नसतेच, त्यांच्यावर आपल्या पसंतीचा स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, बसवायचा असतो, असं मी तिला समजावलं. हे मलाही तिच्याआधी दोनच मिनिटं, खोक्यातल्या कागदावरून कळलं होतं. हवेच्या दाबावर छर्रा फेकणारी, परदेशी बनावटीची ही रायफल. तिला परवाना लागत नाही म्हणून मी ती घेऊ शकलो. अक्कल लागत असती तर तिथंच अडलो असतो.

घेतली कशासाठी, तेही सांगतो. आम्ही पोवार. पूर्वज माळव्यातून तलवारी घेऊन आले, असं घरात सांगतात. तलवारी वाटेतच कुठं विसरल्या असाव्यात, कारण शस्त्रपूजेला आमच्या पाटावर विळे आणि कुऱ्हाडीच असतात. पण पूजा आटोपली की घरातल्या ज्येष्ठानं बांधावरचं, कुंकवाच्या पाण्यानं भरलेलं गाडगं नेम धरून फोडायचं, ही रीत आमच्या घरी टिकून आहे. गाडगं ठेवायचा दगड ठरलेला, अंतरही ठरलेलं: पंचवीस पावलं. लाल पाणी बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, उतरेपर्यंत कोणी कोणाला सोनं देत नाही आणि ताटंही वाढली जात नाहीत. तीन बार करायला मिळतात. तिन्ही चुकले तर मान कायमचा पुढच्याकडे जातो आणि ज्येष्ठ टाळ्या वाजवायला उरतो.

आमचे ज्येष्ठ म्हणजे काकाजी, माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांच्यानंतर नंबर माझा. त्यांची जुनी भरमार, म्हणजे ठासणीची बंदूक परवान्याची मुदत संपल्यामुळे ठाण्यात जमा झालेली. एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं. तरी पोळ्यापासून त्यांचं एकच चाललेलं, "यंदा बी मीच फोडीन. मरेपर्यंत मीच." त्यांच्या डोळ्यांना आधार म्हणून मी ही रायफल घेतली, असं गावभर सांगितलं. मला मिरवायची होती, हे न सांगताच गावाला समजलं.

राहिला स्कोप. आता एक गोष्ट कबूल करायला हवी. गोरेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवतो. भिंगाचा धडा दरवर्षी माझ्याकडेच असतो. वस्तू भिंगाच्या जवळ आणली तर प्रतिमा कुठं जाईल, असं विचारतो आणि पोरांना आलं नाही की छद्मी हसतो.

हा विद्वान आठवडाभर मोबाइलवर परदेशी चित्रफिती पाहत बसला. बर्फात पालथे पडलेले दाढीवाले मैलभर लांबची लोखंडी ताटली वाजवत होते. त्यांच्या स्कोपवर ही एवढाली चाकं. माझ्या शेतातून मैलभर नजर टाकायची तर मध्ये दोन गावं आणि एक धानगिरणी आडवी येते, हा विचार मला शिवला नाही.

माझा एक वर्गमित्र नागझिऱ्यात पर्यटकांना जंगल दाखवतो. गळ्यात कायम दुर्बीण. कोहमाऱ्याच्या ढाब्यावर चहा पिताना त्याला मोबाइलवर माझी निवड दाखवली. चोवीस पट मोठं दाखवणारी, हातभर लांब.

"मारायचं काय हाय?" त्यानं विचारलं.

"गाडगं."

"किती दुरून?"

"पंचवीस पावलं."

त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "अन् त्याले चोवीस पट कायले पायजे? तितल्यावरून त मडकं घडवनाऱ्या कुंभाराच्या बोटाचे ठसे दिसतीन. चार पटीची घे. जवरचं साफ दिसते का, ते पह्यले पाय. काकाजीले चष्मा हाय, त डोरा चार बोटं मांगं ठेवूनबी पूरं चित्र दिसलं पायजे. बस."

"अरे, पण रायफल केवढी भारी आहे!"

"त मंग रायफलले दाखवाचं हाय काय गाडगं?"

मी बिल दिलं आणि विषय बदलला.

गोंदियाच्या बाजारातला दुकानदार मात्र गुणी माणूस निघाला. त्यानं अंतर विचारलं नाही, चष्मा विचारला नाही, फक्त रायफलचा फोटो पाहिला आणि कानाला हात लावला. "सर, इतनी ऊँची रायफल पे छोटा स्कोप? शेरवानी के नीचे स्लीपर पहनोगे क्या?" मी शेरवानी लग्नातसुद्धा घातली नव्हती, पण वाक्य काळजाला भिडलं. त्यानं मला दुकानाच्या दारात उभं करून स्कोप डोळ्याला लावायला दिला. रस्त्याच्या पार टोकाला एक माणूस पान खात होता, त्याच्या दाताला लागलेला चुना मला दिसला. एवढ्यावर मी सौदा पक्का केला. चुना कोणाला लागत होता, ते तेव्हा दिसलं नाही.

घरी बसवला तेव्हा रायफल स्कोपवर बसवल्यासारखी दिसत होती. सरावाला बोडीकडे गेलो. बोडी म्हणजे आमच्या शेताच्या वरच्या अंगाचा छोटा तलाव, तिच्या पाळीवरून खालचा सगळा बांध दिसतो. तिथून पासष्टेक पावलांवर, गाडग्याच्या दगडाशेजारी, खोका ठेवला, रायफल पोत्यांमध्ये गच्च बांधली आणि छर्रे नेमके स्कोपमधल्या फुलीवर पडेपर्यंत चाकं फिरवली. जवळून मारून पाहायचं मनातही आलं नाही.

दसऱ्याला दुपारी पूजा झाली. विळ्यांच्या शेजारी रायफल अशी पहुडली होती, जशी गरीब नातेवाइकांत अमेरिकेहून आलेली मेहुणी. सगळं गणगोत बांधावर जमलं. काकाजी पांढरं धोतर नेसून, चष्मा पुसून, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. पुढं स्टूल, त्याच्यावर धानाचं अर्धं पोतं, त्याच्यावर रायफल. मी कानात सांगितलं, "काकाजी, फुली गाडग्यावर आली की घोडा दाबा."

काकाजींनी डोळा लावला. मान मागं घेतली, पुन्हा पुढं नेली.

"बाबू, गाडगं कोठी ठेवलं?"

"समोरच आहे काकाजी, दगडावर."

"समोर त धुकं हाय."

मी वाकून पाहिलं. खरंच धुकं होतं. त्या धुक्यात एक तपकिरी डाग हृदयाच्या ठोक्याबरोबर नाचत होता. चष्म्यामुळे डोळा जवळ नेता येत नव्हता, म्हणून काकाजींच्या वाट्याला तर त्या धुक्याचंही टिकलीएवढंच वर्तुळ येत होतं. माझ्या डोक्यात अकरावीचा वर्ग उभा राहिला आणि शेवटच्या बाकावरून कोणीतरी छद्मी हसलं.

पहिला छर्रा समोरच्या धानात गेला. दुसरा कुठं गेला, ते कोणालाच कळलं नाही.

"काढून टाक हे नरकांडं," काकाजी म्हणाले. "मी माशीवरून मारतो."

"माशी नाही तिला," मी म्हणालो.

एक आत्या म्हणाली, "माशी नाई, दिसत नाई, मंग हे हाय काय? धान कांडाचं मुसर?"

पोरं भुकेनं कुरकुरायला लागली. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "दादा, आता तूच मार ना. मान त तुलेच भेटनार हाय." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. काकाजीही. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. ते नुसते मांडीवरचं धोतर सारखं करत होते, उठायच्या तयारीत. एक छर्रा राहिला होता.

तेवढ्यात नागझिऱ्याचा मित्र पुढं आला. जेवायला म्हणून आला होता, पण जेवणच अडलेलं. त्यानं स्कोपच्या चाकावरचे आकडे वाचले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नापास पोरांकडे पाहतो.

"मास्तर, हे पन्नास पावलांच्या आत साफ दाखवतच नाई. गाडगं दूर न्या."

"दगड हलत नाई," काकाजी म्हणाले. "माह्या आज्याच्या वेरचा हाय."

"त मंग काकाजीले हलवू."

आणि आमच्या घराण्याच्या इतिहासात प्रथमच शिकाऱ्याची मिरवणूक निघाली. चौघांनी काकाजींना खुर्चीसकट उचललं. मागं स्टूल, त्यामागं पोतं, त्यामागं रायफल छातीशी धरलेला मी, आणि सगळ्यांत मागं बायका, ज्या हसू दाबत नव्हत्या. एका वेळी एकच माणूस जाईल एवढा बांध, दोन्हीकडे ओंब्या भरलेलं धान. दोघं चिखलात गेले. काकाजी वरून ओरडत होते, "धान तुडवू नोको! मले पाडा, पन धान तुडवू नोको!"

बोडीच्या पाळीवर खुर्ची टेकली. मित्रानं पटीचं चाक खाली आणलं, काकाजींचा चष्मा काढला, त्यांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यापुरतं मागचं भिंग फिरवलं. काकाजींनी पाहिलं.

"हां," ते हळूच म्हणाले. "आता गाडग्याच्या काठाजवरचा तडाबी दिसून राहिला."

खरं सांगायचं तर हा बारही चुकावा, असं माझ्यातल्या एका कोपऱ्याला वाटलं. मग त्याची लाज वाटली. मग छर्रा सुटला, आणि खाली, पासष्ट पावलांवर, लाल पाणी दगडावरून बांधीत उतरलं.

असा गलका आमच्या शेतात कधी झाला नव्हता. काकाजींनी चष्मा चढवला, सगळ्यांचे नमस्कार घेतले आणि गर्दी शांत झाल्यावर जाहीर केलं, "पंचवीसवरून फोडनं म्हंजे पोरखेळ. आतापासून इथूनच फोडाचं. हेच अंतर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. भुकेच्या भरात माणूस कशालाही मान डोलावतो.

ही गोष्ट गेल्या दसऱ्याची. यंदा पोळ्याला काकाजींनी मला बोलावून घेतलं. "बाबू, मरेपर्यंत मीच म्हनत होतो. पन फोडाचं ते फोडलं, आता मान तुले," म्हणाले आणि डोक्यावर हात ठेवला. माझे डोळे भरून आले. तेव्हापासून ते नीट कोरडे झालेच नसावेत, कारण महिना झाला, रोज कॉलेज सुटल्यावर मी पाळीवर पालथा पडतो आणि अजून एकही गाडगं फुटलेलं नाही. दगडाचे टवके मात्र उडालेत. दसऱ्याला तीनच छर्रे मिळणार. माझ्यानंतर नंबर धाकट्या चुलतभावाचा, तो रोज संध्याकाळी मोटारसायकल थांबवून प्रेमानं विचारतो, "बसला का नेम, दादा?"

काकाजी माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसतात. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालंय आता. त्यांना स्कोप लागत नाही, चष्माही लागत नाही.

"डावीकडं गेला," ते म्हणतात. "भर पुन्हा."