सावलीचा रकाना

खोलीत आल्यावर ताई सगळ्यात आधी दिवे बंद करायच्या. ट्यूबलाइट बंद, पडदा ओढलेला, माझ्या टेबलावरचा दिवासुद्धा बंद. मग स्टुलावर बसून म्हणायच्या, "आता एकच लावा. एकाच बाजूनं. मंग दिसन."

लोक दिसावं म्हणून दिवे लावतात, या बाई बंद करायच्या. अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. ती काय करतात हे आपण रोज पाहतो, पण का करतात हे कळायला वर्षं जातात. मला अकरा लागली.

धरमपेठेत दुसऱ्या मजल्यावर आमची बियाणं तपासायची खासगी प्रयोगशाळा आहे. खरेदी आणि भांडार माझ्याकडे. ताई बी तपासायच्या. खापरखेड्याहून बसनं येत. त्यांचे यजमान तिथल्या वीजकेंद्रात होते. ताईंकडे एक स्टीरिओ मायक्रोस्कोप होता. दोन्ही डोळे लावून पाहायचा. फार मोठं करून दाखवत नाही, पण सोयाबीनचा दाणा हातात धरल्यासारखा गोल, उंचसखल दिसतो. त्याच्या बाजूला वाकणाऱ्या मानेचा जुना दिवा होता. एके दिवशी तो गेला आणि त्याचा बल्ब कुठे मिळेना.

नवा दिवा निवडायचं काम माझं. मी तीन विक्रेत्यांकडून माहिती मागवली आणि तक्ता केला. उजेड, वीज, आयुष्य, उष्णता, हमी असे अकरा रकाने. भिंगाभोवती कड्यासारखा बसणारा, बहात्तर बारीक दिव्यांचा एक गोल दिवा अकरापैकी नऊ रकान्यांत पहिला आला. तक्ता ताईंना दाखवला.

"सावली किती पडते ते कुठं लिहिलं?" त्यांनी विचारलं.

तो रकाना नव्हता. मी बारावा आखला आणि विक्रेत्याला फोन केला. तो अभिमानानं म्हणाला, "सावली अजिबात पडत नाही." मी पैकीच्या पैकी गुण दिले.

दिवा आला. सगळ्यांनी ओळीनं उभं राहून पाहिलं, सगळ्यांना आवडला. ताईंनी शेवटी पाहिलं.

"सुंदर दिसून राहिलं गा भाऊ. लग्नातल्या फोटोवानी."

"मग चांगलंच की."

"लग्नातल्या फोटोत नवरीच्या तोंडावरचा वण दिसते का कधी?"

दुसऱ्या दिवशी कड्याच्या पाऊण भागावर काळी चिकटपट्टी लावलेली. म्हणजे चोपन्न दिवे झाकले, अठरा उघडे. मी लेखी कळवलं की उपकरणात असा बदल केल्यास हमी राहत नाही, आणि एक प्रत साहेबांना दिली. ताईंनी चिठ्ठी वाचली, घडी घालून पिशवीत ठेवली. पट्टी तशीच राहिली.

पेरणीच्या तोंडावर पारशिवनीकडचे एक शेतकरी आले. घरचं सोयाबीन त्यांनी स्वतःसाठी आणि तीन भावांसाठी ठेवलं होतं. बी चांगलं निघालं तर ते पेरायचं, नाहीतर बाहेरून आणायचं. ताईंनी चारशे दाणे पाहिले आणि लिहिलं : मळणीयंत्राचा मार लागून तडकलेले, त्र्याऐंशी.

साहेबांना आकडा पटला नाही. त्यांनी पट्टी काढायला लावली आणि तेच दाणे मला मोजायला सांगितले. मी मन लावून मोजले. प्रत्येक दाण्यावर उजेडाची एक पांढरी बांगडी उमटत होती. दाणे देखणे होते. तडकलेले अकरा.

"ताई," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "दिवा नवा आहे. डोळे जुने झाले."

ताईंनी विखुरलेले दाणे वाटीत गोळा केले. मग म्हणाल्या, "होऊ शकते. चारशे दाने उगवाले ठेवा. आठ दिवसांत समजन. माह्यं चुकलं तं या स्टुलावर मी बसनार नाही." आणि शेतकऱ्याकडे वळून : "दादा, आठ दिवस थांबता का?"

"थांबतो न. पन आभाळ कोनाच्या रिपोर्टाची वाट पाहते का वं ताई?"

आभाळानं वाट पाहिली. आठ दिवस ताई वेळेवर आल्या, वेळेवर गेल्या. साहेबांनी कुणाला तरी नव्या मुलीच्या अर्जाबद्दल फोनवर विचारलं, तेही दार उघडं ठेवून.

आठव्या दिवशी शेतकरी सकाळीच हजर झाले. ट्रे टेबलावर आले. ताई मागे सरकल्या.

"तुमी मोजा भाऊ. माह्या आकड्यावर कोनाचा भरोसा नाही."

मी मोठ्यानं मोजलं. नीट उगवलेले दोनशे चव्वेचाळीस. पुन्हा मोजलं, दोनशे चव्वेचाळीस. शंभरी एकसष्ट. किमान सत्तर लागतात. आतून मार बसलेले दाणे वरून दिसत नाहीत, म्हणून गेलेले ताईंच्या त्र्याऐंशीहूनही जास्त. साहेब "हं" म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. या वेळी दार लावून घेतलं.

"मंग आता? फेकून देऊ का?" शेतकऱ्यानं विचारलं.

"फेकता काहून? दाट पेरा. भाऊ, किती दाट ते सांगा."

मी हिशोब केला. एकरी तीस किलोऐवजी साडेचौतीस.

"पस्तीस धरा दादा," ताई म्हणाल्या. "भाऊचं साडे तक्त्यातच चांगलं दिसते."

शेतकरी हसले, कागदावर पस्तीस लिहून घेतलं आणि बससाठी निघाले. पट्टी मी स्वतः परत लावली. चोपन्न दिवे, मोजून.

संध्याकाळी मी म्हणालो, "ताई, ती चिठ्ठी मी परत घेतो."

"राहू द्या. अक्षर चांगलं हाये." मग त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "साहेबाचं खोटं नोहे गा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाये. सहा महिने झाले डॉक्टरनं सांगून."

"मग तडे दिसले कसे?"

"तडा कोनाले दिसते? त्याची सावली दिसते. चहूकडून उजेड आला का मले नुसतं धुकं." त्यांनी चष्मा चढवला. "उद्यापासून रजा टाकली. आता ऑपरेशन करून टाकते. हे बी वाचलं, आता डोळ्याचं पाहू."

ऑपरेशन चांगलं झालं असं त्यांच्या यजमानांनी फोनवर सांगितलं. पुढे ते निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं, दोघं गावी गेली. ताई परत कामावर आल्या नाहीत. स्टूल मी अजून कुणाच्या नावावर चढवलेलं नाही.

मोतीबिंदूचं सांगून त्या संध्याकाळी त्या निघाल्या, तेव्हा मी थोडं अंतर ठेवून मागून उतरलो. त्यांना कळू दिलं नाही. डाव्या हाताची बोटं भिंतीला, उजवी चप्पल पुढे करून पायरीची कड चाचपायची, सापडली की मग वजन टाकायचं. ओठ हलत होते. शेवटच्या पायरीनंतर थांबून, पुढे सपाट आहे याची पायानं खात्री केली, पिशवी खांद्यावर सरळ केली आणि बसस्टॉपच्या दिशेनं गेल्या.

तो जिना मी अकरा वर्षं रोज चढलो-उतरलो होतो. पायऱ्या किती ते मला सांगता आलं नसतं. परत वर गेलो आणि मोजत उतरलो. बेचाळीस आहेत.