चार शर्टांचा दम

माझं लग्न झालं तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि मी नुकतीच बारावी सायन्स झाले होते. दोघांनाही नव्या मोठेपणाची भारी घमेंड. मी माहेरची नांदेडची. अहमदपूरला सासरी आले ती या लोकांना जरा शास्त्र शिकवावं म्हणून. पहिल्याच आठवड्यात सासरच्यांनीच मला शास्त्र शिकवलं. दुष्काळ होता. भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची, आणि टँकरचा भोंगा ऐकू आला की पदर, लाज आणि बारावी सायन्स, तिन्ही कमरेला खोचून घागर घेऊन पळायचं.

माझे सासरे टेलर. मी त्यांना मामा म्हणायची आणि सासूला आत्याबाई. घराच्या पुढच्या खोलीत दुकान होतं. पायानं चालवायचं शिलाई मशीन, कापड बेतायचं टेबल आणि एक कोळशाची इस्त्री. इस्त्रीचा धूर आणि विडीचा धूर, दोघंही मामांच्या छातीत बिनभाड्यानं राहत होते. बाहेर पडायचं नाव काढत नव्हते.

पण मामांची इस्त्री म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. पेल्यातलं घोटभर पाणी ते तोंडात घेत, गाल फुगवत आणि ओठांच्या फटीतून ‘फुर्रर्र’ करून असं फवारत की कापडावर दव पडल्यासारखं दिसायचं. कुठं थेंब नाही, ओघळ नाही. जिल्हा झाल्यापासून गावातल्या प्रत्येक कारकुनाचं लातूरला जाणं-येणं वाढलं होतं, आणि लातूरला जायचं तर पँटीला घडी पाहिजे, असा नवाच कायदा झाला होता. मामांची फुरफुर दिवसभर चालायची.

आत्याबाई उंबऱ्यात बसून जवारी निवडता निवडता म्हणायच्या, “माणसाला प्यायला पाणी न्हाई, अन् तुमी लोकाच्या पँटीला पाजून राहिले.”

“एका घोटात चार पँटी भिजवतो,” मामा म्हणायचे. “आता काय थुंकी उसनी आणू?”

खरंच, जसजसा दुष्काळ वाढला तसतसा मामांचा घोट लहान होत गेला आणि गालांची ताकद वाढत गेली. पाणी वाचवायच्या नादात त्यांचे गाल पैलवान झाले होते. छाती मात्र पार खंगली होती.

हे आम्हाला कळायला वेळ लागला, कारण मामा दम लागला असं कधी म्हणायचे नाहीत. मध्येच मशीन थांबवून सुईत दोरा ओवायला घ्यायचे. दोरा आधीच ओवलेला असायचा. तो काढून पुन्हा ओवायचे. रस्त्यानं चालताना दम कोंडला की समोरून येणाऱ्या कुठल्याही माणसाला थांबवून त्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरायचे. “वा! कापड कुठून घेतलं?” तो बिचारा कापडाचा इतिहास सांगायचा आणि तोवर मामा श्वास गोळा करायचे. गावात त्यांची ख्याती अशी की या माणसाला कापडाचं केवढं वेड!

आत्याबाईंना मात्र सगळं कळत होतं. मामा बाजारातून आले की त्या विचारायच्या, “किती शर्ट झाले?”

“दोनच.”

“खोटं नका बोलू. तिसरा तर मी वट्ट्यावरून बगितला.”

आमच्या घरात दम्याचं माप असं शर्टांत होतं. एका शर्टाचा दिवस म्हणजे चांगला दिवस. तीन शर्ट झाले की आत्याबाई गरम पाण्याचा वाफारा द्यायच्या. पाणी मोजून वापरायचे दिवस, तरी द्यायच्या. त्या थंडीत एका पहाटे तर मामांना खाटेवरून उठून बसायचंही सुधरेना, आणि तिथं चाचपायला कुणाचा शर्टही नव्हता. जीप करून नांदेडला नेलं, ऑक्सिजन लावला तेव्हा कुठं जीव ठिकाणावर आला. घरी आल्यावर मामा म्हणाले, “धुरळा गेला होता छातीत, बाकी काय न्हाई.”

त्यामागे मामांचं एक गणित होतं. ते त्यांनी एकदा ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, समजावून सांगितलं. “गिऱ्हाइकाची छाती जेवढी, तेवढं कापड लागतं. बिमारीचं बी तसंच. डॉक्टरला पुरं माप दिलं की तो पुरा इलाज बेततो, अन् पुरा खर्च लावतो. तुझ्या चुलत्यानं पुरं माप दिलं. काय झालं?”

चुलत सासऱ्यांच्या आजारपणात त्यांचं शिलाई मशीन विकावं लागलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मशीन गेल्यावर ते वर्षभर लोकांच्या दुकानात काज-बटणं करत बसले होते. मामांना मरणाची भीती नव्हती, त्या काज-बटणांची होती.

“मला दाखवायचंच न्हाई,” मामा म्हणाले.

आत्याबाईंनी हे उंबऱ्यातून ऐकलं. दुसऱ्या दिवशी इस्त्री तापली, पँट टेबलावर आली, आणि मामांनी हात पुढे केला तर पेला रिकामा.

“पाणी?”

“लातूरला छातीचा डॉक्टर आलाय. दाखवून या, मग पाणी.”

मी लगेच शहाणपण पाजळलं, “आत्याबाई, नांदेडला चांगले डॉक्टर आहेत. आमच्या तिथं...”

“आता आमचा बी जिल्हा झालाय,” आत्याबाई म्हणाल्या. “डॉक्टर काय फक्त तुमच्याच नांदेडला पिकतेत का?”

मामांनी दिवसभर कोरड्या पँटींना इस्त्री करून बघितली. एका पँटीला तर चार घड्या पडल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं एसटीनं लातूरला निघालो.

स्टँडपासून दवाखाना काही लांब नव्हता, पण पोचायला आम्हाला सकाळची दुपार झाली. मामांनी वाटेत एका मास्तरांची बाही धरली, एका केळीवाल्याचा सदरा चाचपला आणि शेवटी एका पोलिसाच्या खाकीला हात घातला. “मजबूत कापड हाय साहेब, धुतल्यावर आटतं का?” पोलिसानं मिशीवरून हात फिरवत खाकीची सगळी कुंडली सांगितली. ती इतकी लांबली की मामांचा दम पुरा परत आला. आत्याबाई मागून चालता चालता बोटं दुमडत होत्या. दवाखान्याच्या पायरीवर समोरून आलेला कंपाउंडर हा चौथा.

“चार शर्टांचा दम हाय,” त्या माझ्या कानात म्हणाल्या. “पण हे आत जाऊन एकबी कबूल करायचे न्हाईत.”

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, “चालताना दम लागतो?”

“न्हाई.”

“जिना चढताना?”

“आमच्या घराला जिनाच न्हाई.”

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग त्यांनी फुंकायचं एक यंत्र काढलं. एक जाड नळी, तिच्यावर आकडे आणि फुंक बसेल तसा पुढे सरकणारा काटा. “छाती भरून श्वास घ्या आणि एका दमात जोरात फुंका. तुमचा आजार किती आहे ते हा काटा सांगेल.”

मापाचं यंत्र बघितल्यावर मामांच्या डोळ्यांत टेलर जागा झाला. नळी तोंडात घेतली. गाल फुगले. दुष्काळानं तालीम दिलेले ते गाल. आणि एकच ‘फुर्र!’

काटा टोकाकडे उडाला.

डॉक्टरांनी पुन्हा करायला लावलं. पुन्हा फुर्र, पुन्हा काटा तिथंच. “छातीत तर शिट्ट्या वाजतायत,” डॉक्टर पुटपुटले, “आणि फुंक तरण्या पोरासारखी!” यंत्र बिघडलं असेल म्हणून त्यांनी नळीचं तोंड बदलून ते ह्यांच्या हातात दिलं. हे तेव्हा बाजार समितीत कामाला होते, गरज पडली तर पोतंसुद्धा उचलायचे. ह्यांनी अगदी सांगितल्यासारखी, मन लावून फुंक मारली. काटा मामांच्या बराच अलीकडे थांबला.

डॉक्टरांनी काळजीनं विचारलं, “तुम्हाला कधीपासून त्रास आहे?”

“मला?” ह्यांनी मागे वळून बघितलं.

मला राहवलं नाही. “याला फुंकण्याची एक शास्त्रीय पद्धत असते,” म्हणत मी पुढे झाले. सासऱ्यांसमोर फुंकायचं म्हणून डोक्यावरचा पदर दातात धरला होता. फुंक नळीत कमी आणि पदरात जास्त गेली. काटा जेमतेम हलला. डॉक्टर माझ्याकडे असे बघायला लागले की आता मलाच आत झोपवतात की काय. यंत्राच्या हिशेबानं आमच्या घरात एकटे मामा ठणठणीत होते आणि आम्ही दोघं तरुण नवरा-बायको शेवटच्या घटका मोजत होतो.

मामा खुशीत शर्टाची बटणं लावायला लागले. तिसऱ्या बटणाला त्यांना धाप लागली. त्यांनी हळूच हात पुढे करून डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली. “कापड लई झ्याक हाय...”

तेवढ्यात आत्याबाईंचा संयम सुटला. “अवो डॉक्टर, ते फुंकून न्हाई राहिले, ते फवारून राहिले! इस्त्रीचं पाणी मारतेत तसं. छातीचं वारंच न्हाई त्यात, नुसत्या गालाचं हाय!”

डॉक्टर हसायलाच लागले. “असं आहे होय! कुणीतरी यांचे गाल दाबून धरा. मग फुंकू द्या.”

मी सून. सासऱ्यांसमोर पायातल्या जोडव्यांचा आवाज होऊ न देणारी मी त्यांचे गाल धरणार? मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला घेतलं. हे वडिलांना इतके घाबरायचे की त्यांच्याकडे चहा मागायचा तरी आईतर्फे मागायचे. ह्यांनी बुटाची लेस सोडून पुन्हा बांधायला घेतली.

शेवटी आत्याबाई उठल्या. चारचौघांत नवऱ्याशेजारी कधी खाटेवरसुद्धा न बसलेल्या बाईनं दोन्ही हात पुढे केले आणि मामांचे गाल, कढीपत्त्याची जुडी धरावी तसे, गच्च धरले.

“फुका आता.”

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. मग फुंकले.

काटा थोडा सरकला आणि थांबला. इतक्या अलीकडे की आम्ही कुणीच हसलो नाही. आत्याबाईंचे हात गालांवर तसेच राहिले.

मामांनी नळी खाली ठेवली. “मशीन विकावं लागंल का?” डॉक्टरांना त्यांनी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न.

“कशाला? हा आजार जायचा नाही, पण धरून ठेवता येतो. रोज पंपानं औषध ओढायचं, विडी बंद, इस्त्रीचा कोळसा घरात पेटवायचा नाही. त्यालाही खर्च आहे. पण एकदा दम कोंडला की जीप आली, ऑक्सिजन आला, दवाखान्यातली खाट आली. माणसं विकायला काढतात ते त्या खर्चात.”

मामांनी मनातल्या मनात बेतून बघितलं. “म्हंजे माप कमी दिलं तर सदरा शिवला जातो, पण पहिल्याच दिवशी उसवतो. मग दोनदा कापड लागतं.”

“बरोबर,” डॉक्टर म्हणाले.

“मग आदी सांगायचं की तसं,” मामा आमच्याकडेच रागानं बघत म्हणाले.

घरी आल्यावर विडी सुटायला वेळ लागला. तिची वासपूस आत्याबाई रोज सर्वांदेखत मामांचं तोंड हुंगून करायच्या. गाल धरून झाल्यावर आता लाजायचं काय उरलं होतं? इस्त्री अंगणात लिंबाखाली गेली आणि माझ्याकडे आली. मामा लांब खुर्चीवर बसून शिकवायचे. माझी पहिली फवारणी एका तलाठ्याच्या शर्टावर पडली. शर्ट बघून वाटत होतं, तलाठी कुणाच्या तरी खांद्यावर पडून खूप रडला असावा. मामा इतके हसले, इतके हसले, की औषध ओढावं लागलं. नांदेडला मी अजून सांगितलेलं नाही की बारावी सायन्सचा उपयोग पुढे पँटींवर थुंकायला झाला.

पुढच्या तपासणीला पुन्हा लातूरला गेलो. आत्याबाई बाहेर बाकावर, शेजारच्या बाईशी टँकरवर बोलत बसलेल्या. डॉक्टरांनी नळी दिली. मामांनी तोंडात घेतली, गाल आपोआप फुगायला लागले, तशी त्यांनी ती परत काढली. दाराकडे बघितलं. उभ्या जन्मात या माणसानं परक्यांपुढे बायकोला हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

“अगं,” मामा म्हणाले, “ये की. धर.”

आत्याबाई आल्या. हात पदराला पुसले आणि धरले. काटा मागच्यापेक्षा जरासा पुढे गेला, आणि या वेळी छातीच्याच वाऱ्यानं.

परतताना स्टँडपर्यंत दोनच शर्ट झाले. त्यातला दुसरा आपण दमासाठी धरलाच नव्हता, त्याचं कापड खरोखरच चांगलं होतं, असं मामा शेवटपर्यंत सांगत. आत्याबाईंनी मग तो मोजला नाही.